कळलावीची तीन नावे

शब्दाची फोड करणे हा आमचा वर्गातला धंदा. बागेतही तो उपयोगी पडतो, हे मला कळलावीने दाखविले. श्रावण-भाद्रपदात सह्याद्रीच्या उतारांवर झुडपांना बिलगून ही वेल फुलते.

संस्कृतात ती अग्निशिखा. पाकळ्या पिवळ्याच्या तांबड्या होत ज्वाळेसारख्या वर वळतात. तिला ऊन हवे, आणि पानांच्या वळत्या टोकांना धरायला काटकी हवी.

दुसरे नाव लांगली. लांगल म्हणजे नांगर. कंद तसाच दोन फाट्यांचा. कोंब टोकाला असतो, ते मोडू नये. मृगाच्या सुमारास, निचऱ्याच्या मातीत, दोन-तीन इंच खोल तो आडवा ठेवावा. दिवाळीच्या सुमारास पाने पिवळी पडली की पाणी तोडावे. पुढच्या पावसाळ्यात नवा कोंब येतो.

आणि कळलावी? प्रसूतीच्या कळा लावणारी. पण वाचकहो, हा उपाय कोणी करू नये! वेलीच्या सर्वांगात, कंदात तर विशेषच, कोल्चिसिन हे जीवघेणे विष आहे. घरात लहान मूल किंवा गुरे असतील तर ही हौस नकोच. कंद हाताळल्यावर हात धुवावेत.

औषधासाठी उपटून रानातली कळलावी विरळ झाली आहे. म्हणून कंद रोपवाटिकेतून आणावा. डोंगरावरची डोंगराला राहू द्यावी.