शिडाच्या बोटीला घाई लावू नका

येत्या हिवाळ्यात कॅरिबियनमध्ये शिडाची बोट भाड्याने घ्यायचा बेत तुमच्या घरी शिजत असेल, तर जरूर जा. विशेषतः अमेरिकेत आणि कॅनडात राहणाऱ्या, बर्फाला कंटाळलेल्या आपल्या मंडळींना मी हे आवर्जून सांगेन. हजारो प्रवासी कोंबलेल्या क्रूझपेक्षा चाळीस फुटी बोटीवरचा आठवडा मला कितीतरी मोलाचा वाटतो. शीड हाताळता येत नसेल तर कप्तानासकट बोट मिळते. मागणं एकच आहे. सात दिवसांत नऊ बेटं असा तक्ता करून जाऊ नका. तीन बेटं घ्या, फार तर चार.

उदाहरण म्हणून ग्रेनाडीन्सच घेऊ. सेंट व्हिन्सेंटपासून दक्षिणेला ग्रेनाडापर्यंत साधारण ६० सागरी मैलांत ही लहान लहान बेटांची माळ पसरली आहे : बेक्वे, मायरो, युनियन, कॅरियाकू आणि इतर कितीतरी. नकाशावर ती इतकी जवळ दिसतात की सगळी एकाच फेरीत पदरात पाडून घ्यावीत असं वाटतं. हवामानही मोहात पाडणारं. अटलांटिकच्या वादळांचा हंगाम १ जूनला सुरू होतो आणि ३० नोव्हेंबरला संपतो. कोकण किनाऱ्यावर मासेमारीची बंदी लागते तीही १ जूनलाच, पण तिकडची धास्ती आपल्या पावसाळ्यापेक्षा बरीच लांबते. डिसेंबरनंतर मात्र आकाश मोकळं होतं आणि पूर्वेकडून व्यापारी वारे सुरू होतात.

या वाऱ्यांना झुळूक समजू नका. एरवी ते १५ ते २० नॉट वेगाने वाहतात. नाताळपासून पुढचे काही आठवडे मधूनच २५-३० नॉटवर जातात आणि कित्येक दिवस तिथेच टिकतात. दर्यावर्दी त्यांना ‘ख्रिसमस विंड्स’ म्हणतात. बेटाच्या आडोशाला पाणी शांत दिसतं, पण दोन बेटांमधल्या उघड्या पट्ट्यात शिरलं की अटलांटिकची लाट थेट बोटीच्या कुशीवर येते. अशा दिवशी नांगर टाकून बसणं, पोहणं, गावात हिंडणं हाच शहाणपणा असतो. तक्ता भरगच्च असेल तर तेवढी सवड राहत नाही. मग लहान मुलं आणि आजी-आजोबा ओकाऱ्यांनी बेजार झालेले असताना बोट पुढे रेटली जाते.

घाईचा दुसरा फटका समुद्राच्या तळाला बसतो, आणि मला जास्त काळजी त्याची आहे. प्रवाळाच्या खडकांमधून वाट काढायची ती डोळ्यांनी. सूर्य डोक्यावर किंवा पाठीमागे असला की पाण्याचे रंग वाचता येतात. गडद निळं म्हणजे खोल, फिकट हिरवट म्हणजे वाळू, तपकिरी म्हणजे प्रवाळ. सकाळी दहा ते दुपारी तीन-साडेतीन ही त्याची वेळ. दिवसाचं तिसरं बेट गाठायला पाच वाजले की पाणी नुसतं चकाकतं, खाली काय आहे ते कळत नाही आणि नांगर पडेल तिथे पडतो. रात्रभर वाऱ्याने बोट फिरते आणि तिच्यामागे साखळी तळावरून घासत राहते. उभ्या पिकात गुरं सोडावीत तशी ती सागरी गवताची नासाडी करते. मायरोच्या पूर्वेला टोबॅगो कीज नावाची पाच निर्मनुष्य बेटं आहेत. तिथली हिरवी कासवं हेच गवत खाऊन जगतात.

म्हणून दुपारीच पोहोचा. राखीव सागरी उद्यानात बांधायला बोया असेल तर शुल्क भरून तो घ्या. नसेल तर नांगर फक्त वाळूत टाका, खोलीच्या किमान चार-पाच पट साखळी सोडा, आणि मास्क लावून पाण्यात उतरून नांगर नीट रुतलाय का हे स्वतः पाहा. कासवांचा पाठलाग करू नका, फोटोसाठी त्यांना हात तर मुळीच लावू नका. उन्हासाठी अंगभर क्रीम फासण्याऐवजी पूर्ण बाह्यांचे पोहण्याचे कपडे न्या.

आता माणसांचं. १ जुलै २०२४ रोजी ‘बेरिल’ हे चौथ्या श्रेणीचं चक्रीवादळ ताशी सुमारे २४० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यासह कॅरियाकूवर आदळलं. कॅरियाकू, पेटिट मार्टिनीक आणि युनियन बेटावरची बहुतेक घरं उद्ध्वस्त झाली किंवा मोडकळीला आली. टिरेल बेच्या खारफुटीत आसऱ्याला नेलेल्या बोटीही वाचल्या नाहीत. ही बेटं पाहुण्यांवर जगतात. तुम्ही आदल्या बेटावरच्या सुपरमार्केटात आठवड्याचं सामान भरून घेतलंत आणि इथे नुसती एक रात्र काढून निघालात, तर गावाच्या हाती तुमचा कचराच उरतो. दोन रात्री थांबलात तर पाव, मासळी, जेवण, टॅक्सी यांचे पैसे इथल्या घरांत जातात. होडी घेऊन बोटीशी येणाऱ्या तरुणांना हाडूत-हुडूत करू नका. भाव आधी ठरवा, नको असेल तर हसून नाही म्हणा.

आणि कृपा करून थेपल्या-पराठ्यांच्या बॅगा भरून नेऊ नका. कोकणातल्या कुणालाही तिथला बाजार ओळखीचा वाटेल. नीरफणस तिथे ढिगाने मिळतो. कॅप्टन ब्लायने १७९३ मध्ये गुलामांच्या अन्नासाठी त्याची रोपं ताहितीहून सेंट व्हिन्सेंटला आणली होती. कॅलालू म्हणजे बहुतेक वेळा अळूचीच पानं. ‘ऑइल डाउन’ हा ग्रेनाडाचा राष्ट्रीय पदार्थ नीरफणस, अळूची पानं, हळद आणि नारळाचं दूध घालून शिजवतात. त्यात खारवलेलं मांस किंवा मासळी असते, तेव्हा शाकाहारी असाल तर आधी सांगा. रोटी तर जागोजागी मिळते. एकोणिसाव्या शतकात करारावर मळ्यांत आणलेल्या भारतीय मजुरांचा तो वारसा आहे.

कॅरियाकूच्या विंडवर्ड गावात किनाऱ्यावरच लाकडी बोटी बांधल्या जातात. या कारागिरीला २०२३ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळालं. एखादी बोट बांधताना दिसली तर मुलांना घेऊन तासभर तिथे थांबा, कारागिरांना विचारा. ते कुठल्याही तक्त्यात बसत नाही, म्हणूनच सांगतो.

पाणी मात्र जपून वापरा. लहान बेटांवर नद्या नाहीत. छपरावरचं पावसाचं पाणी टाक्यांत साठवायचं आणि जानेवारी ते मे त्यावर भागवायचं, असं तिथलं वर्ष चालतं. टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला याहून जास्त सांगायला नको. बोटीची टाकी मोठ्या बेटावर भरून घ्या आणि आंघोळ समुद्रात उरकून शेवटचा तांब्याच गोड्या पाण्याचा घ्या.

काही गोष्टी मुलांना आधीच बजावून ठेवा. किनाऱ्यावर मँचिनीलचं झाड असतं. त्याची लहान हिरव्या सफरचंदासारखी फळं विषारी असतात आणि चिकाने कातडी भाजते. पावसात त्याच्याखाली उभंसुद्धा राहायचं नाही. लष्करी छापाचे कपडे दोन्ही देशांत सामान्य नागरिकांना वापरायला बंदी आहे, ते घरीच ठेवा. हो, देश दोन आहेत. युनियन सेंट व्हिन्सेंटचं, कॅरियाकू ग्रेनाडाचं. मध्ये काही मैलांचंच पाणी असलं तरी एकीकडे निघाल्याची आणि दुसरीकडे आल्याची नोंद करावी लागते. त्यात अर्धा दिवस गेला तरी चिडचिड नको. कॅरियाकूहून पुढे ग्रेनाडाला जाणार असाल तर वाटेत ‘किक एम जेनी’ हा समुद्राखालचा जागृत ज्वालामुखी आहे. त्याच्याभोवतीच्या निषिद्ध पट्ट्यातून कप्तान बोट नेणार नाही. वळसा पडतो म्हणून त्याच्याशी वाद घालू नका.

तारखा हातात असतील तर नाताळ सोडा. मार्चअखेर ते एप्रिल निवडा, तेव्हा वारा बऱ्यापैकी नरमलेला असतो. आणि परतीचं विमान ज्या बेटावरून आहे, त्या बेटावर बोट आदल्या दिवशी सकाळीच पोहोचलेली असू द्या. तिकीट अजून काढलं नसेल तर एक दिवस पुढचं काढा.