बांधकामाचे पाणी आणि विहिरीचे ऋण

गेल्या काही वर्षांत पालघर जिल्ह्याच्या भूमीवर एकामागून एक मोठी कामे येऊन ठेपली आहेत. मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वेचे खांब उभे राहिले, द्रुतगती महामार्गासाठी डोंगर फोडून भराव टाकले गेले, ऑगस्ट २०२४ मध्ये वाढवण बंदराचे भूमिपूजन झाले. विरारपासून नायगावपर्यंतच्या पट्ट्यात निवासी इमारतींची भर तर कधी थांबलीच नाही. या कामांना जमीन किती लागेल, सिमेंट आणि पोलाद किती लागेल, यांचे हिशेब मांडले जातात. जमिनीच्या प्रश्नावर आंदोलनेही झाली. परंतु या सर्व कामांना लागणारे पाणी कोठून येते आणि वापरून झाल्यावर कोठे जाते, हा प्रश्न आपल्या ग्रामसभांतून व संस्थांच्या बैठकांतून क्वचितच विचारला जातो. तो विचारण्याची वेळ आली आहे, असे आम्हांस वाटते.

वसईकरांना हा विषय नवा नाही. १९८० नंतरच्या दशकात येथे इमारतींची लाट आली, तेव्हा बागायती गावांतील विहिरींचे पाणी टँकरमधून बाहेर जाऊ लागले. दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने या लुटीविरुद्ध आवाज उठविला, हा इतिहास आपल्या वाचकांना ठाऊक आहे. समुद्रकाठच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. उपसा मर्यादेत असेपर्यंत हा तोल टिकतो. रहाटाच्या काळात तो टिकला, कारण बैलाच्या पावलांनी जेवढे पाणी वर येई तेवढेच जमिनीतून जाई, आणि बावखलांत साठलेले पावसाचे पाणी हळूहळू मुरून विहिरींची भरपाई करी. पंप आले, बावखले बुजविली गेली आणि खारे पाणी वर चढले. एकदा खारट झालेली विहीर पुन्हा गोडी होण्यास कित्येक पावसाळे लागतात.

येथे एक विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. काँक्रीटसाठीच्या भारतीय मानकानुसार (आयएस ४५६, सन २०००) सळई असलेल्या काँक्रीटमध्ये वापरावयाच्या पाण्यात क्लोराइडचे प्रमाण लिटरमागे ५०० मिलिग्रॅमहून अधिक असता कामा नये. समुद्राचे पाणी तर मिश्रणासाठी आणि क्युरिंगसाठीही वापरू नये, असे हे मानक सांगते. क्षारांमुळे सळई गंजते, फुगते आणि काँक्रीटला तडे जातात. म्हणजे अतिउपशाने विहीर खारट करणारा बांधकाम व्यवसाय आपल्याच इमारतींच्या मुळावर येत असतो. शेतकऱ्याची पानवेल जळते ती लगेच दिसते. सदनिकेच्या छताचा गिलावा निखळतो तो काही वर्षांनी, आणि तोवर विकासक दुसऱ्या गावी गेलेला असतो.

बांधकामात पाणी नेमके कोठे खर्च होते? प्रत्यक्ष मिश्रणात ते तुलनेने कमी लागते. ५० किलो सिमेंटच्या पोत्याला सुमारे २२ ते २५ लिटर पाणी पुरते. याहून जास्त पाणी घातले, तर मिश्रण ओतण्यास सोपे जाते, पण काँक्रीट कमकुवत होते. मिश्रण पातळ हवे म्हणून बिगाऱ्याने ओतलेली जादा बादली पाण्याची नासाडी करते आणि इमारतीची ताकदही घटविते. अलीकडे मिळणाऱ्या रासायनिक मिश्रकांमुळे कमी पाण्यातही काँक्रीट प्रवाही ठेवता येते. तेव्हा मिश्रणात पाणी वाचविणे आणि मजबुती राखणे या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत.

खरा खर्च होतो तो त्यानंतर. काँक्रीट घट्ट होत असताना ते ओलसर ठेवावे लागते. साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि आज बाजारात सर्रास मिळणाऱ्या राखमिश्रित सिमेंटला किमान दहा दिवस. शंभर चौरस मीटरच्या स्लॅबवर आळी करून पाच सेंटिमीटर पाणी साठविले, तर एका भरण्यालाच पाच हजार लिटर लागतात, म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरचे निम्मे पाणी. उन्हाने ते आटते आणि पुन्हा भरावे लागते. खांबांवर आणि भिंतींवर नळीने मारलेले पाणी तर बहुतांशी खाली वाहून जाते. यावर उपाय साधे आहेत. खांबांना ओले गोणपाट गुंडाळून त्यावर प्लास्टिकचा कागद बांधला, की ओलावा दीर्घकाळ टिकतो. काँक्रीटमधील पाणी उडून जाऊ न देणारे लेपही मिळतात. मात्र पाणी वाचविण्याच्या नावाखाली क्युरिंगचे दिवसच कमी करणे हा त्या घरात राहणाऱ्या कुटुंबाचा विश्वासघात होय, हे आम्ही येथे स्पष्टपणे नमूद करतो.

याखेरीज तयार काँक्रीटच्या गाड्या धुणे, रस्त्याचा भराव पाणी मारून दाबणे, धूळ बसविणे ही कामे आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई महापालिकेने हवेच्या प्रदूषणावर उपाय म्हणून बांधकामस्थळी पाण्याची फवारणी बंधनकारक केली. ते योग्यच होते. पण हवा स्वच्छ करण्यासाठी पिण्याचे पाणी खर्चावे लागत असेल, तर एक दुखणे बरे करताना दुसरे ओढवून घेतल्यासारखे होईल. या कामांना पिण्याच्या पाण्याची गरजच नाही. गाड्या धुतलेले पाणी हौदात निवळवून पुन्हा वापरता येते. पायाच्या खड्ड्यात झिरपणारे जे पाणी पंप लावून गटारात सोडले जाते, तेही साठविता येते. आणि सर्वांत मोठा साठा शहराच्या सांडपाण्यात आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातील शहरांत दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होते, आणि त्यापैकी केवळ २०,२३६ दशलक्ष लिटरवर प्रत्यक्ष प्रक्रिया होत होती.

हे पाणी वापरात आणता येते, याचे दाखले आपल्याच देशात आहेत. नागपूरच्या भांडेवाडी येथे शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राला दिले जाते. तेवढेच धरणाचे पाणी माणसांसाठी शिल्लक राहते. मार्च २०२४ मध्ये बंगळुरूत पाण्याचे दुर्भिक्ष निर्माण झाले, तेव्हा तेथील जल मंडळाने बांधकामासाठी पिण्याचे पाणी वापरण्यास बंदी घालून पाच हजार रुपये दंड ठरविला आणि प्रक्रिया केलेले पाणी पुरविण्याची व्यवस्था केली. पुणे महापालिकेनेही बांधकामांसाठी असे पाणी बंधनकारक केले आहे. नियमाची अंमलबजावणी मात्र तेव्हाच होते, जेव्हा प्रक्रिया केंद्रापासून बांधकामापर्यंत टँकर नियमित पोहोचतो, पाण्याची तपासणी होते आणि त्याचा दर विहिरीच्या पाण्याहून कमी असतो. जोवर विहिरीचे पाणी स्वस्त आणि विनाचौकशी मिळते, तोवर कोणताही कंत्राटदार प्रक्रिया केंद्राच्या दारात रांग लावणार नाही. आपल्या भागात तर पहिली अडचण त्याआधीचीच आहे. शहराचे बरेचसे सांडपाणी वर्षानुवर्षे प्रक्रियेविना नाल्यांतून खाडीला मिळत आले आहे.

सूर्या प्रकल्पाचे वाढीव पाणी वसई-विरारला मिळू लागल्याने अनेकांना हायसे वाटले. त्या समाधानात आम्हीही सहभागी आहोत. परंतु हे धरण आदिवासी शेतकऱ्यांच्या सिंचनाच्या आश्वासनावर बांधले गेले, आणि त्याचे पाणी शहराकडे वळविण्यास त्यांनी विरोध केला होता, याचा विसर पडू देता कामा नये. जे पाणी कोणाच्या तरी शेतातून आपल्या नळापर्यंत आले, ते स्लॅबवरून वाहून गटारात जात असेल, तर त्या समाजाला आपण काय उत्तर देणार आहोत?

महापालिका आणि विकासक यांच्याकडे बोट दाखविणे सोपे आहे. पण आपणही बांधतो. धर्मग्रामांची सभागृहे, शाळांचे मजले, कब्रस्तानांच्या भिंती, आणि आपल्यापैकी कित्येकांची वाडीतील घरे. ही कामे आपल्या देणग्यांतून आणि आपल्या कंत्राटांनुसार होतात, म्हणून त्यांच्या अटीही आपल्या हातात आहेत. पाणी कोठून आणणार, हे कंत्राटात लिहून घ्यावे. गोणपाटाचा वापर, धुण्याच्या पाण्याचा हौद आणि पाण्याची तपासणी यांचा अंतर्भाव अंदाजपत्रकातच करावा. पावसाच्या पाण्याची टाकी शेवटी न बांधता सर्वप्रथम बांधावी, म्हणजे एका पावसाळ्याचे पाणी त्याच बांधकामाच्या कामी येईल. आवारात बावखल असेल, तर त्याच्या काठावर भिंत न घालता त्यातील गाळ काढावा. आणि कामावरील मजुरांसाठी पिण्याच्या शुद्ध पाण्याची वेगळी, ठळक खूण केलेली सोय असावी. पुनर्वापराचे पाणी आले, की हे अधिकच निकडीचे ठरते, कारण दोन नळांतील फरक न कळल्याने आजारी पडतो तो मजूर आणि त्याची मुले.

यांतील एकही गोष्ट महागडी नाही आणि एकीसाठीही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. यंदा ज्या ज्या धर्मग्रामात बांधकामाचा ठराव येईल, तेथे पॅरिश कौन्सिलच्या सभासदांनी नकाशा व खर्चाबरोबर पाण्याचा हिशेबही टेबलावर ठेवण्याचा आग्रह धरावा, एवढीच आमची विनंती आहे. स्वतःच्या आवारात हा हिशेब मांडल्यावर महापालिकेकडे तो मागण्याचा आपला अधिकार अधिक भक्कम होईल.