शक्यतेचे मोल

वैशाख महिना म्हणजे महाराष्ट्राच्या पठारावरील सृष्टीचा मोठा कसोटीचा काळ. सकाळी नऊ वाजण्याच्या सुमारासच ऊन चटके देऊ लागते. दुपारी रस्ते ओस पडतात, गुरे झाडाखाली रवंथ करीत बसून राहतात आणि विहिरींचे तळ दिसू लागतात. विदर्भात चंद्रपूर, अकोला, नागपूर या ठिकाणी पारा कधी कधी ४५ अंश सेल्सिअसच्याही वर जातो. अशा आठवड्यात हवामानवार्तेत एक वाक्य पुन्हा पुन्हा कानी पडते. दिवसा उष्णता कायम राहील. सायंकाळी तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पावसाची शक्यता आहे, असा त्याचा आशय असतो.

हे वाक्य ऐकून पुष्कळ लोक हसतात. ‘शक्यता आहे म्हणजे काय? पडला तर पडेल, नाही तर नाही! एवढे सांगायला स्वतंत्र खाते कशाला हवे?’ असा प्रश्न गावच्या पारावर, आठवड्याच्या बाजारात आणि आगगाडीच्या डब्यात हमखास विचारला जातो. थट्टा करण्यात गैर असे काही नाही. परंतु या थट्टेच्या मुळाशी एक गैरसमज आहे, आणि तो प्रसंगी पिकाला, किंबहुना प्राणालाही महाग पडतो. म्हणून ‘शक्यता’ या शब्दाचा अर्थ काय आणि तो ऐकणाऱ्यावर कोणती जबाबदारी येते, याचा विचार विद्यार्थिदशेतच होणे अगत्याचे आहे.

प्रथम वळवाचा पाऊस कसा पडतो ते पाहू जाता असे दिसते की, दिवसाचा ताप आणि सायंकाळचे वादळ ही एकाच क्रियेची दोन टोके आहेत. उन्हाने जमीन तापते; तिच्या स्पर्शाने लगतची हवा तापते व हलकी होऊन वर चढू लागते. समुद्रावरून आलेल्या वाऱ्यांनी त्या हवेत पुरेसे बाष्प आणलेले असेल, तर उंचावरील थंडाव्यात त्या बाष्पाचे जलकण बनतात. बाष्पाचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते, आणि तीच उष्णता हवेला आणखी वर ढकलते. पाहता पाहता दुपारचा कापसासारखा पांढरा ढग १० किलोमीटरांहूनही उंच चढतो. म्हणजे एव्हरेस्ट शिखरालाही तो खाली टाकतो! त्याच्या वरच्या भागात पाणी गोठून हिमकण व गारा तयार होतात. हिमकण व गारा एकमेकांवर आदळून विद्युत्‌भार निर्माण होतो. मग थंड हवेचा लोट खाली कोसळतो, सोसाट्याचा वारा सुटतो, धुळीचे लोट उठतात, आणि टपोरे थेंब तापलेल्या मातीवर पडू लागतात.

बाष्प किती आहे, उंचावरील हवा किती थंड आहे, वारे कोणत्या दिशेचे आहेत, हे सर्व मोजता येते. त्यासाठी हवामानखाते ठराविक केंद्रांवरून उपकरणे बांधलेले फुगे आकाशात सोडते, रडारने ढगांचा माग घेते आणि उपग्रहांनी पाठविलेली चित्रे तपासते. एवढे सारे असूनही अमुक गावी अमुक वाजता पाऊस पडेल, असे आदल्या दिवशी छातीठोकपणे का सांगता येत नाही? याचे उत्तर स्वयंपाकघरात सापडते. चुलीवर आधण ठेवले की थोड्या वेळाने पाणी उकळणार, हे निश्चित सांगता येते. पण पहिला बुडबुडा तळाच्या नेमक्या कोणत्या जागेवरून उठेल, हे कोणत्या गृहिणीला सांगता येईल? वळवाचा ढगही असाच आहे. त्याचा विस्तार थोड्या किलोमीटरांचा आणि आयुष्य बहुधा तास-दीड तासाचे. बांधाच्या अलीकडे चिखल आणि पलीकडे धूळ, असा देखावा शेतकऱ्याला नवा नाही.

अशा वेळी प्रामाणिक मनुष्याने काय करावे? ‘पाऊस पडणार’ असे ठणकावून सांगितले तर ते असत्य ठरेल. ‘सांगता येत नाही’ म्हणून स्वस्थ बसले तर ते कर्तव्यच्युती ठरेल. या दोहोंच्या मधली वाट म्हणजे ‘शक्यता’. हा शब्द पळवाट नाही. त्यामागे माप आहे. हवामानवार्तेतील ‘तुरळक ठिकाणी’ याचा अर्थ त्या विभागातील फार तर पाव केंद्रांवर पाऊस, ‘काही ठिकाणी’ याचा अर्थ पाव ते निम्म्या केंद्रांवर, आणि ‘बऱ्याच ठिकाणी’ याचा अर्थ निम्म्याहून अधिक, पाऊण भागापर्यंत. जो हे शब्द नीट ऐकत नाही, त्याला ते मोघम वाटतात. जो ऐकतो, त्याला त्यांतून हिशेब करता येतो.

समजा, एखाद्या गावी सायंकाळी वादळी पाऊस येण्याची शक्यता दहापैकी तीन आहे, आणि आठवडाभर ती तशीच राहणार आहे. याचा अर्थ असा की, अशा सात सायंकाळींपैकी साधारणतः दोन सायंकाळी पाऊस येईल व पाच सायंकाळी येणार नाही. सोमवारी आकाश निरभ्र राहिले म्हणून अंदाज खोटा ठरला, असे म्हणणे अविचाराचे होय. ‘मग अंदाज कधी खोटा ठरणारच नाही’, अशी शंका येथे कोणी घेईल, आणि ती योग्यच आहे. तिचे उत्तर असे की, अंदाजाची परीक्षा एका दिवसावरून होत नाही, पुष्कळ दिवसांच्या नोंदींवरून होते. ‘दहापैकी तीन’ असे शंभर वेळा सांगितले आणि पाऊस सत्तर वेळा पडला, तर सांगणारा निःसंशय चुकला. तीसच्या आसपास पडला, तर त्याने खरे सांगितले. त्यामुळे खात्याला दोष देण्याचा अधिकार ज्याला हवा असेल, त्याने आधी नोंद ठेवण्याचे कष्ट घ्यावेत.

‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट पुष्कळांच्या तोंडी असते. रोज इशारा ऐकून लोक बेफिकीर होतील, असे ते म्हणतात. परंतु त्या गोष्टीतील मुलाने लांडगा दिसला नसताना हाक मारली होती. वादळाची शक्यता सांगणारा मनुष्य खोटी हाक मारीत नाही. लांडग्याची पावले रानात उमटली आहेत, एवढेच तो सांगतो. त्या रात्री लांडगा दुसऱ्या वाटेने गेला, म्हणून मेंढरे उघड्यावर ठेवणारा धनगर शहाणा ठरत नाही.

आता प्रश्न उरतो तो ऐकणाऱ्याच्या कर्तव्याचा. शक्यता ऐकल्यावर मनुष्याने दोन्ही पारडी तोलून पाहावीत. नाशिक जिल्ह्यातील एखाद्या शेतकऱ्याचा उन्हाळी कांदा काढून शेतात पडला आहे असे समजा. तो एकत्र करून ताडपत्रीने झाकण्यास दर सायंकाळी २०० रुपयांची मजुरी लागते, आणि कांदा भिजून सडला तर २०,००० रुपयांचे नुकसान होते. सात सायंकाळी कांदा झाकला तर १,४०० रुपये खर्च होतील. न झाकता एकच सायंकाळ चुकली, तर साऱ्या हंगामाची मेहनत मातीमोल होईल. पाच सायंकाळी ताडपत्री ‘फुकट’ घातली गेली, याचे त्याला वाईट वाटण्याचे कारण नाही. याउलट, पाऊस आला तर केवळ कपडे भिजणार असतील, तर बाजारचे काम टाकून घरी बसणारा सावध नव्हे, भित्रा ठरेल. म्हणजे एकच शक्यता एका कामाला थांबविते आणि दुसऱ्या कामाला थांबवीत नाही. हा विवेक हवामानखाते करू शकत नाही. तो ज्याचा त्यानेच करावयाचा असतो.

परंतु जेथे एका पारड्यात प्राण असतो, तेथे तोलत बसण्याचे कारण उरत नाही. विजेची गोष्ट अशीच आहे. भारतात वीज पडून दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे दगावतात, आणि त्यांत शेतात राबणारी, गुरे राखणारी माणसे पुष्कळ असतात. पावसाची पहिली सर आली की माणूस सहजच झाडाकडे धावतो, आणि तेच त्या वेळचे सर्वांत घातक स्थान असते. कारण वीज बहुधा उंच वस्तूवर पडते व झाडाखालच्या माणसालाही सोडीत नाही. ध्वनी एका किलोमीटरला सुमारे तीन सेकंद घेतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत अंक मोजावेत. तीस सेकंदांच्या आत आवाज आला, तर वादळ दहा किलोमीटरांच्या आत आले आहे असे समजून ताबडतोब पक्क्या घराचा आसरा घ्यावा. घर जवळ नसेल, तर धातूचे छत असलेल्या मोटारीत काचा लावून बसावे. तेही नसेल, तर झाडे, विजेचे खांब, तारेची कुंपणे आणि पाणी यांपासून दूर जाऊन, दोन्ही पाय जुळवून, खाली वाकून बसावे. जमिनीवर आडवे पडू नये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत बाहेर पडू नये. विजेच्या धक्क्याने पडलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही; त्याला हात लावण्यास न भिता तात्काळ मदत करावी. त्याचा श्वास व हृदय पुन्हा चालू करण्याचे प्रयत्न लगेच झाले, तर तो वाचण्याचा संभव असतो.

जुन्या पिढीतील माणसे मुंग्यांची धावपळ, वाऱ्याची पलटलेली दिशा, दुपारचा जीवघेणा उकाडा यांवरून वळवाची चाहूल घेत असत. सहदेव-भाडळीच्या नावाने चालत आलेल्या वचनांतही असे निरीक्षण साठविलेले आहे. या ज्ञानाची अवहेलना करू नये. मात्र डोळ्यांना क्षितिजापलीकडे दिसत नाही, ही त्याची मर्यादा ओळखावी. कोलकात्यास १८६४ मध्ये भयंकर चक्रीवादळ झाले. पुढे १८६६ व १८७१ मध्ये पावसाने दगा दिला. या आपत्तींतून धडा घेऊन १८७५ मध्ये भारतीय हवामानखाते स्थापन झाले. १९२८ मध्ये त्याचे मुख्य कार्यालय शिमल्याहून पुण्यास आले. ते १९४४ मध्ये दिल्लीस गेले, तरी शिवाजीनगरातील त्या दगडी वास्तूला पुणेकर अद्याप ‘शिमला ऑफिस’ म्हणूनच ओळखतात. आज तेच खाते पुढील तीन तासांतील वादळाचा इशारा देते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने ‘दामिनी’ नावाची सोय केली असून, जवळपास वीज पडण्याचा धोका असल्यास ती भ्रमणध्वनीवर सूचना देते. एवढी साधने हाताशी असता केवळ ‘शक्यता’ या शब्दाला हसून त्यांकडे पाठ फिरविणे, हे करंटेपणाचे लक्षण होय.

प्रत्येक शाळेला या बाबतीत एक लहानसे, पण उपयुक्त कार्य करता येईल. उन्हाळ्यात एक वही घालावी. तिच्यात रोजचे कमाल तापमान, हवामानखात्याने वर्तविलेली शक्यता आणि सायंकाळी प्रत्यक्षात काय घडले, हे तीन रकान्यांत लिहावे. सुटीच्या दिवसांत विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने ती चालवावी. दोन-तीन उन्हाळ्यांची नोंद जमली, म्हणजे आपल्या गावापुरता अंदाज कितपत खरा ठरतो, हे मुलांनाच पारावरील मंडळींना आकड्यांनिशी सांगता येईल. ज्या घरातील मूल ही वही लिहीत असेल, त्या घरातील माणसे पश्चिमेला काळा ढग दिसताच झाडाखाली थांबणार नाहीत आणि कांदाही उघडा टाकणार नाहीत.