संच मोडला, मोजमाप मोडले

मरीन ड्राइव्हवर 1951 मध्ये तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. गिरगावातील खोताच्या वाडीपासून ते पायी जाण्याच्या अंतरावर. समुद्रातील मासे काचेआड पाहिले की घरीही अशी टाकी असावी असे कोणाला वाटणार नाही? पण खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायची तर पाण्यावर सतत नजर हवी, आणि त्यात फॉस्फेटचे मोजमाप महत्त्वाचे.

उष्ण कटिबंधातील खुल्या समुद्राच्या पृष्ठभागी फॉस्फेट बहुधा दर लिटरला 0.1 मिलिग्रॅमहूनही कमी असते. टाकीत ते उरलेल्या खाद्यातून आणि माशांच्या विष्ठेतून साचते व शैवाल माजते. म्हणून हौशी मंडळी चाचणीचा संच आणतात. संचातील एक बाटली आधी संपते, आणि दुसऱ्या कंपनीच्या संचातील तीच क्रमांकाची बाटली तिच्या जागी येते. माझ्या मते ही काटकसर नव्हे, मोजमापाचा घात आहे.

का, ते पाहू. मर्फी व रायली यांनी 1962 मध्ये मांडलेली पद्धत आजही सर्वत्र वापरात आहे. आम्लयुक्त पाण्यात फॉस्फेट व मॉलिब्डेट यांचे संयुग बनते. ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजेच क जीवनसत्त्व, त्याचे क्षपण करते आणि निळा रंग येतो. रंग जितका गडद, तितके फॉस्फेट अधिक. या पद्धतीच्या प्रचलित कृतीत मिश्रणाच्या 100 मिलिलिटरमध्ये 5 नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल 50, अँटिमनी पोटॅशियम टार्ट्रेटचे द्रावण 5, अमोनियम मॉलिब्डेटचे 15 आणि ॲस्कॉर्बिक आम्लाचे 30 मिलिलिटर असते. हे आकडे सहज ठरलेले नाहीत. त्यांतून हायड्रोजन आयन व मॉलिब्डेनम यांचे प्रमाण सुमारे 70 ला 1 असे राखले जाते.

आता आम्लाची बाटली दुसऱ्या संचातली घेतली आणि तिची तीव्रता वेगळी निघाली, तर? आम्ल फार कमी पडले तर फॉस्फेट नसतानाही मॉलिब्डेटचेच क्षपण होऊन पाणी निळे होते. आम्ल फार जास्त झाले तर फॉस्फेट असूनही रंग सावकाश चढतो किंवा फिका राहतो. शिवाय सर्व संचांची पद्धतही एक नसते. काहींत क्षपणासाठी स्टॅनस क्लोराइड असते, काहींत व्हॅनेडियम वापरून पिवळा रंग आणतात. एकाची ‘बाटली क्र. 2’ ही दुसऱ्याची ‘क्र. 2’ नव्हे.

एका तापमापीची नळी काढून दुसऱ्या तापमापीच्या पट्टीवर बसवली, तर पारा चढेल आणि आकडाही वाचता येईल. पण त्या आकड्याला अर्थ काय? रंगपट्टीचेही तसेच आहे. ती आपल्याच संचातील रसायनांसाठी आखलेली असते. काही संच फॉस्फेट सांगतात, तर काही फॉस्फरस. फॉस्फरसचा 0.1 म्हणजे फॉस्फेटचा सुमारे 0.31! असा चुकीचा आकडा पुढे माशांना भोवतो. नसलेले फॉस्फेट काढण्यासाठी वारंवार पाणी बदलले जाते, किंवा असलेले दिसत नाही म्हणून खाद्य तसेच पडत राहते.

कोणी म्हणेल, “रसायन तेच, मग कंपनी बदलली तर बिघडले कुठे?” तीव्रता माहीत असेल आणि पडताळणी केली असेल तर काहीच बिघडत नाही. आपत्ती आहे ती न पडताळता मिसळण्याला. पडताळणी शाळेतही होईल. पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेटचे 143.3 मिलिग्रॅम ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून 1 लिटर द्रावण करा. त्यात दर लिटरला 100 मिलिग्रॅम फॉस्फेट असते. त्यातील 1 मिलिलिटर घेऊन पाण्याने 100 मिलिलिटर केले की दर लिटरला 1 मिलिग्रॅमचे प्रमाण द्रावण मिळते. संचाच्या मर्यादेत बसेल इतके ते आणखी पातळ करा. ते आणि नुसते ऊर्ध्वपातित पाणी, दोन्ही तपासा. नुसते पाणी निळे झाले किंवा प्रमाण द्रावणाचे उत्तर चुकले, तर तो संच बाजूला ठेवा. आम्ल हाताळताना शिक्षक जवळ हवेतच.

शिक्षकांनाही एक विनंती. शाळेच्या कपाटात बाटल्या नावाप्रमाणे नव्हे, संचाप्रमाणे लावा. प्रयोगवहीत उत्तरासोबत संचाचे नाव, एकक आणि तारीख लिहायला लावा. कोणत्या साधनाने मोजले हे ठाऊक नसलेला आकडा विज्ञानाच्या वहीत शोभत नाही.