खालाचं मनगट मोडलं तेव्हा

फजरच्या वुझूसाठी उठलेली माझी खाला न्हाणीघरात घसरली आणि मनगट मोडलं. वय 61. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं, घरात सगळ्यांनी अल्हम्दुलिल्लाह म्हटलं. एवढ्याशा पडण्यानं हाड मोडतं कसं, हे कुणीच विचारलं नाही. डॉक्टरांनी नाही, चार बुकं शिकलेल्या मीही नाही. दोन वर्षांनी खुबा मोडला, तेव्हा 'डेक्सा' हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला.

हाडांची घनता मोजणारी ही तपासणी. दहा-पंधरा मिनिटं निजून राहायचं, सुई नाही, किरणं छातीच्या एक्स-रेपेक्षाही कमी. कमरेचे मणके आणि खुबा मोजतात. टी-स्कोअर उणे 2.5 किंवा त्याखाली असला, की हाडं ठिसूळ झाली असं समजतात. मोफत शिबिरात टाच मशीनमध्ये ठेवून चिठ्ठी देतात, ती ही तपासणी नव्हे.

पासष्टीनंतर प्रत्येक बाईनं ती करावी, असा सर्वसाधारण सल्ला आहे. त्याआधी कुणी? पाळी पंचेचाळिशीच्या आत गेलेली, ऑपरेशनात अंडाशयं काढलेली, दम्यासाठी किंवा संधिवातासाठी महिनोन्महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घेणारी, आईचा खुबा मोडलेली. आणि पन्नाशीनंतर किरकोळ पडून हाड मोडलेली. म्हणजे माझी खाला, पहिल्याच वेळी.

मुस्लिम बाईच्या हाडांचा विषय निघाला, की गाडी थेट बुरख्यावर जाते. ऊन कमी मिळालं की ड जीवनसत्त्व कमी पडतं, हे खरंच. पण ते रक्त तपासून कळतं, आणि ते बुरखा न घालणाऱ्यांतही सर्रास कमी सापडतं. माझ्या तिशीतल्या सहकारी बाईंना डेक्साची गरज नाही. आमच्या घरांतली खरी अडचण वेगळीच आहे. अब्बांची शुगर दर तीन महिन्यांनी तपासली जाते, अम्मीची कंबर वाकली की 'उमर झाली' म्हणून विषय मिटतो.

खाला आता खुर्चीवर बसून नमाज पढते. सजदा करता येत नाही, हे तिला पायापेक्षा जास्त दुखतं.

तिची मुलगी 48 वर्षांची, पाळी त्रेचाळिसाव्या वर्षीच गेलेली. तपासणीचं म्हटलं तर 'रमजाननंतर बघू' म्हणाली. रमजान झाला, बकरी ईदही झाली. येत्या शनिवारी शाळा सुटली की मी तिला घेऊनच जाणार आहे.