प्रत्यारोपणानंतरचे शंभर दिवस

ल्युकेमियाच्या रुग्णाला दात्याच्या मूळपेशी मिळाल्या आणि त्या रुजल्या, की घरच्यांना वाटते, लढाई जिंकली. नेमक्या याच सुमारास शरीरात वर्षानुवर्षे निपचित पडलेला एक विषाणू जागा होऊ शकतो. त्याचे नाव सायटोमेगॅलोव्हायरस, म्हणजेच सीएमव्ही.

हा विषाणू कांजिण्यांच्या विषाणूच्या कुळातला. भारतात बहुतेकांना तो लहानपणीच गाठतो, बहुधा नकळत, आणि आयुष्यभर मुक्काम ठोकतो. निरोगी माणसाच्या टी-पेशी त्याला डोके वर काढू देत नाहीत. प्रत्यारोपणात मात्र रुग्णाची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली असते आणि ती नव्याने उभी राहायला महिने लागतात. तेवढी फट सीएमव्हीला पुरते. तो फुफ्फुसात पोचला, तर न्यूमोनिया जिवावर बेततो. आतडी, यकृत आणि डोळेही त्याच्या तडाख्यातून सुटत नाहीत.

म्हणूनच साधारण पहिले शंभर दिवस दर आठवड्याला रक्ताची पीसीआर तपासणी करतात. विषाणू वाढताना दिसला, तर लक्षणांची वाट न पाहता गॅनसिक्लोव्हिर किंवा व्हॅलगॅनसिक्लोव्हिर सुरू करतात. पण या औषधांनी नुकत्याच रुजलेल्या अस्थिमज्जेलाच फटका बसतो आणि पांढऱ्या पेशी घटतात. अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळालेले लेटरमोव्हिर हा दुष्परिणाम टाळून विषाणूला आधीच रोखते. त्याच्या चाचणीत २४ आठवड्यांत बाधित ठरलेले रुग्ण ३७.५ टक्के होते, तर औषधाविना ६०.६ टक्के. मधूनच बाहेर पडलेलेही यात बाधित धरले होते.

म्हणजे धोका ठाऊक आहे, उपायही हाताशी आहे. चुकतो तो हिशेब. मदतीचे अर्ज भरताना, दागिने मोडताना डोळ्यांपुढे प्रत्यारोपणाचा आकडा असतो. तपासण्या, औषधे, शहरातले राहणे ‘नंतर बघू’ या खात्यात जाते. गडचिरोलीच्या कुटुंबाने दर आठवड्याला मुंबई कशी गाठायची?

रुग्णालयांनी खर्चाच्या पहिल्याच अंदाजपत्रकात शंभर दिवसांच्या सीएमव्ही तपासण्या आणि औषधे धरावीत. सरकारी आणि धर्मादाय मदतही त्याच हिशेबाने मंजूर व्हावी. घरी परतलेल्या रुग्णाचे रक्त जिल्हा रुग्णालयात घेऊन नमुना मोठ्या प्रयोगशाळेकडे धाडण्याची सोय व्हावी. एवढ्या कष्टाने मिळवलेल्या पेशी एका चुकलेल्या तपासणीपायी वाया जाणे कुणालाच परवडणारे नाही.