लाल ठिपक्यांची दाटी

सारोळ्याला नीरेच्या पुलावरून रात्री शिरवळच्या अंगाला पाहिलं, की सगळे दिवे एका घोळक्यात दिसतात. एखादा हायवेलगतच्या ढाब्याचा, एखादा पार मागच्या उतारावरचा. नजरेला मात्र दोन्ही शेजारी. अवरक्त प्रकाशात तळपणाऱ्या दूरच्या दीर्घिकेभोवती अतिलाल दीर्घिकांची दाटी सापडल्याचं वाचनात येतं, तेव्हा हाच संशय आधी घ्यायला हवा. लाल रंगाने माग लागतो, शाबिती होत नाही. अंतरं मोजल्याखेरीज दाटीवर शिक्का मारू नये.

कल्पना मुळात पटणारी आहे. धूळ नव्या ताऱ्यांचा प्रकाश शोषून तापते आणि तीच ऊर्जा अवरक्तात बाहेर टाकते. ताऱ्यांच्या जन्माचा असा धडाका द्रव्य दाटलेल्या जागी उडावा आणि आसपास इतर दीर्घिकाही असाव्यात, हे ओघानेच येतं. पण दीर्घिका लाल दिसते ती म्हाताऱ्या ताऱ्यांमुळे, धुळीमुळे किंवा विश्वाच्या प्रसरणाने प्रकाश ताणला गेल्यामुळे. नुसत्या रंगावरून कारण कळत नाही. 1991 साली ‘आयरास एफ10214+4724’ ही दीर्घिका सूर्याच्या शेकडो लाख कोटी पट तेजस्वी म्हणून गाजली. पुढे उलगडलं, की वाटेतल्या एका दीर्घिकेचं गुरुत्व भिंगासारखं तिचं तेज फुगवत होतं. म्हणजे शेजारी वाटणारा ठिपका पुढे उभा असतोच, वर तेजाचा हिशेबही बिघडवतो!

अंतरं मोजायला मंद दीर्घिकांचे वर्णपट घ्यायचे तर मोठ्या दुर्बिणींचा फार वेळ जातो, त्यापेक्षा मोकळ्या आभाळातले लाल ठिपके मोजून तुलना करा, असा आक्षेप येईल. अशा पुष्कळ दीर्घिकांची सरासरी काढायची तर तो रास्तच आहे. एकाच दीर्घिकेपुरता मात्र तो टिकत नाही, कारण लाल दीर्घिका स्वतःच घोळक्याने राहतात आणि ‘मोकळं’ आभाळ तुकड्यागणिक बदलतं. पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेतले जयदीप बागची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये मीन राशीच्या दिशेला, सुमारे 4 अब्ज प्रकाशवर्षांवर ‘सरस्वती’ महासमूह दाखवला. किमान 43 दीर्घिकासमूह, पसारा सुमारे 60 कोटी प्रकाशवर्षं. स्लोन या आकाश-सर्वेक्षणातल्या वर्णपटांमुळे अंतरं हाताशी होती, म्हणून ही साखळी सलग आहे असं म्हणता आलं. अतिलाल दीर्घिका याहून कितीतरी दूर आणि मंद. जुन्नरकडच्या गिरवलीतल्या आयुकाच्या 2 मीटर आरशाला त्या झेपायच्या नाहीत. मोठ्या परदेशी दुर्बिणींतला आपला वाटा वाढवताना म्हणूनच छायाचित्रांआधी वर्णपटांच्या रात्री मागाव्यात.